पाटस ते पोर्ट ऑफ स्पेन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्याहून सोलापूरकडे निघालात, की यवत, चौफुला, वरवंड मागं पडल्यावर पाटस लागतं. बहुतेकांना आमचं गाव टोलनाक्यामुळं माहीत असतं. डावीकडं दौंडचा रस्ता फुटतो, उजवीकडं बारामतीचा. दोन्ही बाजूंना ऊस आणि हंगामात मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर. नव्या माणसाला वाटतं, काय हिरवागार मुलूख आहे! पण हे हिरवेपण पावसाचं नाही, कालव्याचं आणि विहिरींचं आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तर आम्ही चांगलं वर्ष म्हणतो. मी या गावात पंचवीस वर्षांपूर्वी सून म्हणून आले, आणि जवळच्याच एका शाळेत भूगोल शिकवते.

आज मी एका सहलीविषयी बोलणार आहे. जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णनं आपण नेहमी ऐकतो. माझी सहल मात्र अजून झालेली नाही. ती सध्या एका दोनशे पानी वहीत आहे. पण गेल्या दीड वर्षात या वहीनं आमच्या घराला इतकं हिंडवलं, की त्याबद्दल सांगावंसं वाटलं.

सुरुवात झाली माझ्या सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीतून. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते गेल्यावर वर्षभरानं पेटी उघडली. आत सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि तळाशी वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण. मार्च १९७१ चं. अजित वाडेकरांच्या संघानं पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवलं, त्या बातमीचं. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय. दिलीप सरदेसाईंनी शतक ठोकलं होतं आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी दोन्ही डावांत अर्धशतकं केली होती. त्या वेळी दादा वीस वर्षांचे होते. मोटेवर बैल हाकणारा तो मुलगा ते कात्रण पन्नास वर्षं जपतो, याचं मला नवल वाटलं. आमच्या ह्यांना मात्र नवल वाटलं नाही. ते म्हणाले, “दादा नेहमी म्हणायचे, एकदा ते मैदान बघायचं. मागं डोंगर आहे म्हणतात.”

क्वीन्स पार्क ओव्हलच्या मागं खरंच डोंगर आहेत. त्रिनिदादची उत्तरेची रांग. ह्यांनी हे वाक्य जेवताना सांगितलं, आणि आमचा दहावीला जाणारा धाकटा सहज बोलून गेला, “मग आपणच जाऊ या की.”

सगळे हसले. पण त्या रात्री मी वर्गातला नकाशा आठवत बसले. मुलांना ‘वेस्ट इंडीज’ हे नाव मी वर्षानुवर्षं कोलंबसाच्या चुकीचा नमुना म्हणून शिकवलं आहे. त्याला हिंदुस्थान सापडल्यासारखा वाटला, आणि नाव पडलं ते पडलंच. पुढं साडेतीनशे वर्षांनी खरेखुरे हिंदुस्थानी तिथं नेले गेले. पण ते पुढं येईल.

आधी बेट कोणतं, यावर महिनाभर वाद झाला. धाकट्यानं डोमिनिका सुचवलं. तिथं ज्वालामुखीच्या वाफेनं सतत उकळणारं एक तळं आहे. जंगलातून, चिखलातून दिवसभर चालत जाऊन ते पाहायचं असतं. ज्या राष्ट्रीय उद्यानात ते आहे, ते १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. शिवाय याच बेटावर २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालनं पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या, म्हणून धाकट्याचा जोर जास्त. पण त्याच डोमिनिकाला सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळानं असं झोडपलं, की हिरवे डोंगर एका रात्रीत तपकिरी झाले. त्रिनिदाद दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या कुशीत आहे. मोठी वादळं बहुधा त्याच्या वरून निघून जातात. त्याच देशाचं धाकटं बेट टोबॅगो. तिथलं मधल्या डोंगररांगेचं जंगल १७७६ मध्येच कायद्यानं राखून ठेवलं गेलं, आणि कारण काय, तर झाडं राहिली तरच पाऊस राहील. अडीचशे वर्षांपूर्वी हे कोणाला तरी कळलं होतं! पाचशे मिलिमीटरवाल्या भूगोलाच्या बाईला यापुढं दुसरं काय हवं? मी त्रिनिदादच्या बाजूनं मत दिलं. ह्यांचं मत ओव्हलसाठी आधीच पडलेलं होतं.

मग पैशाचा प्रश्न आला. आमच्याकडं ट्रॅक्टरसाठी आरडी चालू होती. उसाचं बिल हप्त्यांनी येतं, माझा पगार महिन्याला येतो. दोन्हींतून चार वर्षं काढून ठेवलेले पैसे. पाच माणसांच्या विमानाच्या भाड्याची चौकशी केली, तर आकडा जवळजवळ ट्रॅक्टरच्या आकड्याला जाऊन भिडला. ‘ट्रॅक्टर की त्रिनिदाद’ असा फलकच धाकट्यानं दारामागं खडूनं लिहिला. पंधरा दिवस ह्यांना झोप नव्हती. शेवटी एका सकाळी म्हणाले, “ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो. दादांचं मैदान भाड्यानं मिळत नाही.” मी वहीचं पहिलं पान उघडलं.

आता कामाचं सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी अशी लांबची वाट धरणार असेल, तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट हंगामाची. तिथं जानेवारी ते मे कोरडे महिने आणि जूनपासून पाऊस. आमचं उलट अडतं. ऊस जाईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत घर सोडता येत नाही. धाकट्याची दहावीची परीक्षा मार्चमध्ये, पुण्यात शिकणाऱ्या मुलीची मेच्या मध्यावर संपणारी. म्हणून मेचा दुसरा पंधरवडा ठरला. योग असा, की समुद्रातली प्रचंड चामडीपाठी कासवं अंडी घालायला तिथल्या किनाऱ्यांवर येतात, ती मार्च ते ऑगस्टमध्येच. काही किनाऱ्यांवर त्या काळात रात्री परवान्याशिवाय जाता येत नाही. वाटाड्याबरोबर, अंधारात, आवाज न करता जायचं.

दुसरी गोष्ट व्हिशाची. भारतीय पासपोर्टवर त्रिनिदादला थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. हे वाचून आम्ही घरात पेढे वाटायचेच बाकी होतो. नंतर कळलं, की मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलायचं, तर नुसत्या विमानतळावर थांबायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. म्हणजे पाहुण्याच्या घराला कुलूप नाही, पण वाटेतल्या वाड्याला आहे! असे नियम बदलतही असतात. तिकिटाला हात घालण्यापूर्वी ते नव्यानं तपासावेत.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. हिरवं बेट म्हणजे स्वर्ग, असं मानून चालत नाही. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारीमुळं डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणीबाणी जाहीर झाली, आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा. मुलीनं वहीत त्यासाठी वेगळं पान केलं आहे. अंधार पडल्यावर शहरात हिंडायचं नाही, गाडी आणि वाटाड्या ओळखीतून ठरवायचा, निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचायच्या, आणि लक्षणं ठीक नसतील, तर त्या वर्षी जायचंच नाही. हे शेवटचं वाक्य तिनं लाल शाईनं लिहिलं आहे.

चौथी गोष्ट मात्र आम्हाला शेवटी कळली, आणि तिनं सगळा आराखडा उलटा केला. ती म्हणजे पिवळ्या तापाची लस.

हा ताप डासांतून होतो. आपल्या देशात हा रोग नाही, पण तो पसरवू शकणारा डास घरोघरी आहे. म्हणून आपलं सरकार फार कडक आहे. हा रोग असलेल्या देशांच्या यादीत त्रिनिदाद येतं. तिथून परतणाऱ्याकडं लस घेतल्याचं प्रमाणपत्र नसेल आणि तिथून निघून सहा दिवस झाले नसतील, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. लस ठरावीक केंद्रांतच मिळते. एकदा टोचली, की दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र लागू होतं आणि ते जन्मभर चालतं. आमच्या चौघांचा प्रश्न नव्हता. पण सासूबाईंचं वय एकाहत्तर. साठीनंतर ही लस फार विचार करून द्यावी लागते. आमच्या डॉक्टरांनी त्यांचे कागद पाहिले आणि मान हलवली. “मी देणार नाही, आणि कोणी दिली तरी घेऊ नका, असंच सांगेन.”

त्या संध्याकाळी घरात कोणी बोललं नाही. सासूबाईंच्या पासपोर्टसाठी काय खटाटोप झाला होता! पुण्यात बोटांचे ठसे घेताना यंत्राला त्यांच्या बोटांवर रेषाच सापडेनात. पन्नास वर्षांची खुरपणी, ऊसलावण, भाकऱ्या. रेषा राहणार कुठून? तिथल्या मुलीनं बिचारीनं हात पुसून, दाबून, आठ-दहा वेळा प्रयत्न केले, तेव्हा कुठं ठसा उमटला. आणि आता हे. सासूबाईच शेवटी म्हणाल्या, “मी ऱ्हाते घरी. गाई कोण बघणार? तुम्ही जाऊन या.”

श्रोतेहो, खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांचे गुडघे, त्यांची पथ्यं, गळ्यातली माळ. माळकरी माणसाला दोन आठवडे परदेशात काय खायला घालायचं, या चिंतेनं माझी झोप उडाली होती. त्या येणार नसतील, तर उरलेल्या चौघांची सहल किती सोपी! धबधबे, जंगलवाटा, खारफुटीतून होडी, सगळं धडाक्यात करता येईल. मी होकारार्थी मान हलवणार, एवढ्यात मुलीनं विचारलं, “आजी, दिंडीत तू सगळ्यात पुढं असतेस का मागं?”

हे सांगायला हवं, की तुकोबांची पालखी आमच्या गावावरून जाते. वरवंडहून निघते, पाटसला येते आणि पुढं रोटी घाट चढून उंडवडीकडं जाते. सासूबाईंनी पायी वारी बावीस वेळा केली आहे. त्या म्हणाल्या, “मी मधी असते. पण दिंडी चालती ती मागच्या माणसाच्या पायानं. मागची म्हातारी घाटात बसली, की टाळ थांबत्यात. तिला उठवून पुन्ना चालायचं. न्हाईतर दिंडी कशाला म्हणायची? मोर्चा म्हणावा.”

“मग आपण दिंडी काढतोय का मोर्चा?” मुलीनं विचारलं. माझ्याकडं बघून विचारलं.

त्या रात्री आम्ही आराखडा पुन्हा मांडला, आणि या वेळी सासूबाईंपासून मांडायला सुरुवात केली. पिवळ्या तापाचा धोका मानतात तो त्रिनिदादच्या बाबतीत. टोबॅगोपुरतंच जाणाऱ्याला या लशीची शिफारस केली जात नाही. आमचं वेळापत्रक होतं त्रिनिदाद सात दिवस, टोबॅगो तीन. ते उलटं झालं. टोबॅगो सात, त्रिनिदाद तीन. कासवं टोबॅगोच्या किनाऱ्यावरही येतात. राखीव जंगल तिथंच आहे. आणि तिथं ‘नायलॉन पूल’ नावाची एक जागा आहे. किनाऱ्यापासून आत, भर समुद्रात, वाळूचा उंचवटा आहे आणि पाणी जेमतेम कमरेएवढं. होडीतून उतरून समुद्राच्या मधोमध उभं राहता येतं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, “मधोमध? आन् बुडत न्हाई?”

त्रिनिदादमधल्या तीन दिवसांसाठी डॉक्टरांनी त्यांना अट घातली, की जंगलात आणि खारफुटीत पाऊल टाकायचं नाही, अंगभर कपडे घालायचे, डासांचं मलम लावायचं. उरला परतीचा प्रश्न. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. अमेरिकेचा व्हिसा वाटेसाठी काढावा लागणारच आहे, तर येताना आठ दिवस त्याच्याकडं राहायचं. सहा दिवसांची मुदत तिथंच संपते, आणि सासूबाई मुंबईच्या विमानतळावरून सरळ पाटसला येतात. हे गणित मुलीनं मांडलं. मी वर्गात वेळेचे फरक शिकवते, पण हे मला सुचलं नव्हतं.

आता जेवणाची चिंता. ती तर इतिहासानंच सोडवली. त्रिनिदादच्या रस्त्यावर सकाळी लोक ‘डबल्स’ खातात. हळद घातलेले दोन मऊ बारा, म्हणजे वडेच, आणि मधे छोल्यांची उसळ. डाळीचं पुरण भरलेली ‘दालपुरी’ असते. वांगं भाजून केलेला ‘चोखा’ असतो, म्हणजे आपलं भरीतच. पालेभाजीला ते ‘भाजी’ म्हणतात. सासूबाई ऐकून थक्क झाल्या. “ही आपलीच माणसं की! गेली कशी तिकडं?”

ही गोष्ट मी त्यांना अंगणात बसून सांगितली, आणि सहलीचा रंग बदलला तो तिथं.

त्या बेटांवर इंग्रजांचे उसाचे मळे होते. ऊस तोडायला आफ्रिकेतून गुलाम आणलेले. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं बंद झाली, १८३८ पर्यंत ते लोक पुरते मोकळे झाले, आणि मळेवाल्यांना ऊस तोडायला माणसं मिळेनात. तेव्हा हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. ‘फातेल रझाक’ नावाचं पहिलं जहाज फेब्रुवारी १८४५ मध्ये कलकत्त्याहून निघालं आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागलं. शंभरावर दिवसांचा प्रवास आणि सव्वादोनशेच्या आसपास माणसं. पुढं १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांवर लोक असे गेले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचं त्यांनी ‘गिरमिट’ केलं. जहाजातून उतरल्यावर त्यांना नेल्सन नावाच्या छोट्या बेटावर विलगीकरणात ठेवत. आजही होडीनं तिथं जाऊन त्या इमारती पाहता येतात.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. “माघारी यायचं तिकीट हुतं का त्यांच्याकडं?”

करारात तशी तरतूद होती. पण ठरावीक वर्षं राबल्यावर. काही परतले. बहुतेक तिथंच राहिले, आणि आज देशाच्या लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून अधिक त्यांचे वंशज आहेत. ३० मे हा तिथं ‘इंडियन अरायव्हल डे’ म्हणून सुटीचा दिवस असतो. आमच्या आराखड्यात आता ३० मेला त्रिनिदाद आहे. तिथं वॉटरलू गावात समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुरानं साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, म्हणून १९५२ मध्ये ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला असेल, जमीन तुमची, समुद्र तर कोणाचा नाही! सायकलवरून दगडमाती नेऊन, उथळ समुद्रात भर टाकून, वर्षानुवर्षं खपून त्यानं पुन्हा देऊळ उभं केलं. १९९५ च्या सुमारास ते नव्यानं बांधलं गेलं. बाकीचे जंगलात जातील त्या दिवशी सासूबाई आणि मी तिथं जाणार आहोत.

याच काळात एक प्रसंग घडला. आमच्या शेतात ऊसतोडणीची टोळी उतरली होती. बीडकडची. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येतात, बांधाकडेला कोप्या घालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत पहाटेपासून तोड. त्यांच्यातली एक बाई वाढं बांधता बांधता मला म्हणाली, “बाई, तुमी लई लांब जाणार म्हनं. तिथं काय हाय?”

मी म्हणाले, “तिथंही ऊस होता. आपल्याकडची माणसं नेली होती तोडायला.”

तिनं कोयता खाली ठेवला. “आता कोण येतंय तिथं तोडायला?”

मी सांगितलं, की आता तिथली साखर बंद झाली. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद केली, हजारो कामगार घरी गेले, आणि २००७ नंतर तर तिथं साखर निघालीच नाही.

“मग तोडणारे काय करत्यात?”

श्रोतेहो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. दीडशे पानं भरलेल्या त्या वहीत धबधबे होते, कासवं होती, लाल बगळ्यांची दलदल होती, होडीच्या वेळा होत्या. पण हा प्रश्न नव्हता. तो मी त्याच रात्री वहीत लिहिला. आमच्या भागातही काही हंगाम कारखान्याचं धुराडं थंड राहिलेलं आम्ही पाहिलं आहे. उभ्या उसाकडं बघून तेव्हा पोटात खड्डा पडायचा. पण तो खड्डा शेतकऱ्याच्या पोटातला होता. टोळीवाल्यांच्या पोटाचं काय झालं असेल, हे मी विचारलं नव्हतं. आमच्या दिंडीतली सगळ्यात मागची माणसं ती होती, आणि त्यांच्यासाठी कोणी टाळ थांबवले नव्हते.

म्हणून आमच्या वहीत एक नवीन काम आलं आहे. त्रिनिदादच्या मध्यभागी, जिथं उसाचे मळे होते तिथं, एक दिवस जायचं. एखाद्या जुन्या तोडणाऱ्याला भेटायचं, आणि विचारायचं, की ऊस गेल्यावर तुम्ही काय केलं? मुलांना हे ठिकाण पर्यटनाच्या कुठल्याही यादीत सापडलं नाही. तरी धाकट्यानं स्वतःहून त्याला धबधब्यातला अर्धा दिवस दिला.

बाकी तयारी जोरात आहे. ह्यांना विहिरीत पोहता येतं, मुलांना येतं. मला येत नव्हतं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पाठीला हवाबंद डबा बांधून आमच्या विहिरीत उतरले. काठावर हे, दोन्ही मुलं, शेजारच्या दोन जावा आणि एक कुत्रा. “पाय मारा, मास्तरीणबाई, पाय!” असं सगळं गाव ओरडत होतं. महिन्याभरात डबा सुटला. रविवारी पहाटे आम्ही रोटी घाट चढून उतरतो. टोबॅगोच्या जंगलातल्या निसरड्या वाटांची तेवढीच सवय. सासूबाई घाटाच्या निम्म्यापर्यंत येतात, कठड्यावर बसतात. आम्ही थांबतो. पूर्वी मी घड्याळ बघायचे. आता बघत नाही. तिथं बसल्यावरच त्यांना जुन्या गोष्टी आठवतात. पंचवीस वर्षांत ऐकल्या नाहीत, इतक्या मी त्या कठड्यावर ऐकल्या. दादांनी १९७१ च्या त्या विजयानंतर पाटसच्या एसटी स्टँडवर अख्ख्या गाडीला भेळ खाऊ घातली होती, हे तिथंच कळलं. पैसे कुठून आणले, ते त्यांनी सासूबाईंना कधी सांगितलं नाही.

ह्यांना आणखी एक धागा सापडला आहे. मुंबईचे थोर लेगस्पिनर सुभाष गुप्ते. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले, त्रिनिदादच्याच मुलीशी लग्न केलं आणि पुढं तिथलेच होऊन राहिले. २००२ मध्ये ते तिथंच वारले. “म्हणजे आपण जावयाच्या गावाला चाललोय,” असं हे आता सर्वांना सांगतात.

आज कुठं आहोत आम्ही? पाच पासपोर्ट आले. आमच्या चौघांच्या लशी झाल्या. व्हिशाच्या मुलाखतीची तारीख लागली आहे. सासूबाई तिची तयारी करतायत. “कशाला चालला, असं साहेबानं इचारलं तर काय सांगू?” म्हणाल्या. मी म्हटलं, “खरं ते सांगा.” त्या म्हणाल्या, “मग सांगते, मालकांचं मैदान बघायचंय, आन् पालखीच्या आधी माघारी यायचंय.” पालखी गावात येण्यापूर्वी घरी परतायचं, ही त्यांची एकमेव अट आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली आहे: ‘आधी माघारी यायचं तिकीट.’

कदाचित व्हिसा मिळणार नाही. कदाचित पाऊस दगा देईल आणि आरडी मोडावी लागेल. कदाचित लाल शाईतलं वाक्य खरं ठरेल. तसं झालं, तर मला वाईट वाटेल. पण त्या वहीमुळं आमच्या घरातला सगळ्यात मागचा माणूस मला दिसला, आणि बांधापलीकडचाही दिसला. एवढं तर पाटसमध्येच पदरात पडलं.

टोळी मार्चमध्ये गेली. जाताना ती बाई म्हणाली, “बाई, पुढल्या साली येते तवा सांगा, तिथले तोडणारे काय करत्यात ते.” मी हो म्हटलं आहे. तेव्हा आता जायलाच हवं.